‘द बनियन डिअर’ : हरणांची गोष्ट आणि आपल्या तुरीचं रान



आजचा पाठ एका जुन्या, छोट्या कार्टून फिल्मवर आहे. चौथी ते सातवीच्या कोणत्याही वर्गात घेता येईल. दोन तासिका लागतात. पण पाठ सांगण्याआधी माझी एक चूक सांगतो, कारण हा पाठ त्या चुकीतूनच तयार झाला.

आमची शाळा धाराशिव जिल्ह्यातली, खेड्यातली. चहूबाजूंनी सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी. डिसेंबरचे दिवस होते, तूर शेंगांनी लगडलेली. पाचवीच्या वर्गाला मी ‘द बनियन डिअर’ दाखवली. सोनेरी हरणांचा राजा, शिकारी राजा, गाभण हरिणी, त्याग, सगळं मुलांनी डोळे मोठे करून पाहिलं. संपल्यावर मी नेहमीचा प्रश्न टाकला, “तर मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य काय?” पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली, “प्राण्यांवर दया करावी.” मी “शाब्बास” म्हणून फळ्यावर लिहायला वळलो. तेवढ्यात मागून आवाज आला, “सर, मग ती हरणं आमच्या रानात आणून सोडा. बघू कोण दया करतंय.”

वर्ग हसला. मी त्याला “गप बस” म्हणालो.

हीच ती चूक. हा मुलगा वर्गात सारखा पेंगायचा, म्हणून माझा त्याच्यावर आधीच राग. चार दिवसांनी त्याचे आजोबा भेटले तेव्हा कळलं, की पोरगं आठ-दहा दिवस रोज रात्री त्यांच्याबरोबर राखणीला जात होतं. कळप रात्री येतो, पहाटे पुन्हा येतो. आजोबांना डोळ्यानं नीट दिसत नाही, म्हणून नातू बॅटरी धरतो अन् डबा वाजवतो. “सर, एका रातीत चार तास खायलेत, राहतंय काय मग?” असं आजोबा म्हणाले. (आमच्याकडे पेरणीच्या ओळीला तास म्हणतात, शाळेचा तास वेगळा!)

म्हणजे माझ्या वर्गात या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेला मुलगा तो होता. आणि मी त्यालाच गप केलं.

त्या रात्री मी मूळ जातककथा काढून वाचली. वाचता वाचता थांबलोच. त्या पोराचा प्रश्न गोष्टीत होता! कोणी अडीच हजार वर्षं म्हणतं, कोणी दोन हजार. पण इतक्या जुन्या गोष्टीत शेतकऱ्याचं गाऱ्हाणं जसंच्या तसं आहे. आपण शिक्षक मंडळी ‘दया करा’वर येऊन थांबतो, त्यामुळे ते कुणाला दिसत नाही.

आधी फिल्मबद्दल थोडं. ही फिल्म १९५७ सालची, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनची. हे सरकारी खातं होतं. माहितीपट, वार्तापट काढायचं. पूर्वी थिएटरात सिनेमा सुरू होण्याआधी जे काळं-पांढरं काहीतरी दाखवत, ते यांचंच. (आता हे खातं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आहे.) १९५६ मध्ये भारत-अमेरिका तंत्रसहकार्याच्या योजनेतून क्लेअर वीक्स नावाचे ॲनिमेटर मुंबईत आले. ते डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले होते. आपल्या चित्रकारांना त्यांनी ॲनिमेशन शिकवलं, आणि त्या नव्या तुकडीनं हाताळलेली पहिली फिल्म म्हणजे ही हरणांची गोष्ट. त्या तुकडीत जी. के. गोखले होते, आणि तरुण राम मोहनही. हेच राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले.

एक मजेशीर योगायोग बघा. वीक्स यांनी डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर काम केलं होतं. १९४२ चा तो सिनेमाही हरणाचाच. पण ‘बॅम्बी’मध्ये माणूस पडद्यावर एकदाही दिसत नाही, तो फक्त बंदुकीचा आवाज आणि आग. आपल्या जातकात मात्र माणूस समोर उभा आहे, बोलतो, लाजतो, बदलतो. हा फरक मोठ्या मुलांना जरूर सांगा, त्यांना तो चटकन कळतो.

चलत्चित्राची आपली परंपरा तशी याहून जुनी. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून रोप वाढताना पडद्यावर दाखवलं. आपल्या विज्ञानाच्या तासाला याहून चांगला प्रयोग नाही. पण तो पाठ पुन्हा कधीतरी.

आता गोष्ट. ‘निग्रोधमिग जातक’ असं तिचं पाली नाव. निग्रोध म्हणजे न्यग्रोध, आपला वड. मराठीत वाचायची असेल तर दुर्गा भागवतांनी जातककथा मराठीत आणलेल्या आहेत. तालुक्याच्या वाचनालयात चौकशी करा.

वाराणसीला ब्रह्मदत्त नावाचा राजा होता. त्याला रोज हरणाचं मटण लागे. तो रोज शिकारीला निघायचा आणि रान उठवायला गावोगावची माणसं सोबत घ्यायचा. इथे वाचन थांबवा आणि मुलांना विचारा, त्या माणसांच्या शेतात त्या दिवशी कोण काम करत असेल? कुणीच नाही. पेरणी असो की काढणी, राजाचा हुकूम आला की हातातलं टाकून जायचं. म्हणजे गोष्ट सुरू होते तीच मुळी माणसांच्या बुडालेल्या दिवसांपासून. लोक कंटाळले. त्यांनी एक युक्ती काढली. राजाच्या बागेत गवत लावलं, पाण्याची सोय केली, आणि रानातली हरणं हाकून आत कोंडली. “महाराज, आता हवं ते हरीण इथंच घ्या, आम्हाला आमची कामं करू द्या.”

कोंडलेल्यांत दोन कळप होते, पाचशे-पाचशेचे. एकाचा राजा वड-हरीण, दुसऱ्याचा शाखा-हरीण, म्हणजे फांदी. दोघंही सोन्याच्या रंगाचे. राजानं या दोघांना अभय दिलं. बाकीच्यांवर रोज बाण सुटे. एक मरायचं, पण पळापळीत दहा जखमी व्हायचे. मग दोन्ही राजांनी ठरवलं, पाळी लावू. एक दिवस या कळपातलं, एक दिवस त्या कळपातलं. ज्याची पाळी त्यानं आपण होऊन जाऊन मान ठेवायची. निदान बाकीचे जखमी तरी होणार नाहीत.

‘पाळी’ हा शब्द आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. टँकर आला की घागरींची पाळी, बोअरवर पाण्याची पाळी, रात्रीच्या थ्री-फेज लाईटची पाळी. म्हणून पुढचा प्रसंग इथली मुलं फार गंभीरपणे घेतात. फांदीच्या कळपातल्या एका गाभण हरिणीची पाळी आली. ती म्हणाली, “मला वासरू होऊ द्या, मग आम्ही दोघंही पाळी देऊ.” फांदी-हरणानं नकार दिला. तुझी पाळी तुझी, दुसऱ्याच्या गळ्यात मी कशी घालू?

इथे वर्गात मत घ्या. हात वर करायला सांगा, फांदी बरोबर की चूक? मी धरून चाललो होतो की सगळे ‘चूक’ म्हणतील. अर्ध्याहून जास्त मुलं ‘बरोबर’ म्हणाली! एक मुलगी म्हणाली, “सर, एकाला पाळी सोडून दिली की उद्या सगळेच काहीतरी कारण सांगतेत.” टँकरच्या रांगेत उभं राहिलेलं पोरच असं बोलू शकतं. दुसऱ्यानं विचारलं, “पण फांदीची स्वतःची पाळी कधी यायची?” वर्ग एकदम शांत. येणारच नव्हती, त्याला अभय होतं. ज्याची स्वतःची पाळी कधीच येणार नाही तो नियमाला इतका पक्का! पुढचे पाचसहा मिनिटं मला बोलावंच लागलं नाही.

हरिणी मग वड-हरणाकडे गेली. ती त्याच्या कळपातली नव्हती, हे मुलांना ठळक करून सांगा. तो म्हणाला, “तू जा, मी बघतो.” आणि स्वतः जाऊन ओंडक्यावर मान ठेवून पडला. आचारी आला, बघतो तर अभय दिलेलं हरीण! तो धावत राजाकडे गेला. राजा आला, कारण विचारलं, ऐकलं, आणि म्हणाला, “असं मन मी माणसातही पाहिलं नाही. ऊठ, तुला आणि तिला दोघांनाही अभय.”

बहुतेक पुस्तकांत, आणि आपल्या वर्गातही, गोष्ट इथंच संपते. पण वड-हरीण उठत नाही. तो विचारतो, “आम्हा दोघांना अभय, मग बाकीच्यांचं काय?” राजा म्हणतो, त्यांनाही. “या बागेबाहेरच्या हरणांचं?” त्यांनाही. “इतर चार पायांच्या प्राण्यांचं?” त्यांनाही. मग पक्ष्यांचं, मग पाण्यातल्या माशांचं. एकेक करत तो सगळ्यांसाठी अभय मिळवतो. हा भाग दोन मुलांना उभं करून संवादासारखा म्हणून घ्या, छान रंगतो. ‘आणि बाकीच्यांचं काय?’ हा प्रश्न आमच्या वर्गात नंतर महिनाभर चालला. खिचडी वाढतानासुद्धा.

आणि मग तो भाग, ज्यासाठी मी हा लेख लिहितो आहे.

अभय मिळालेली हरणं शेतात शिरायला लागली. पिकं खायला लागली. लोकांना त्यांना मारता येईना, हाकलता येईना. राजाचा हुकूमच तसा. लोक जमले आणि राजवाड्यापुढे येऊन गाऱ्हाणं घातलं. राजा अडचणीत आला. तो म्हणाला, मी वड-हरणाला शब्द दिला आहे, राज्य गेलं तरी तो मोडणार नाही, तुम्ही जा.

थांबा इथे. मुलांना विचारा, राजानं बरोबर केलं का? त्याचा शब्द खरा, पण त्या शब्दाची किंमत कोण भरतंय? राजाच्या ताटातलं मटण गेलं. शेतकऱ्याचं वर्षभराचं धान्य जातंय. आमच्या पेंगणाऱ्या मुलाला मी या वेळी मुद्दाम विचारलं. तो उभा राहिला, जरा वेळ गप्प, मग म्हणाला, “राजाला राखणीला पाठवा.” या वेळी हसलो ते आम्ही सगळे मिळून, आणि तोही.

पुढे काय होतं? ही बातमी वड-हरणाच्या कानावर जाते. तो सगळ्या हरणांना बोलावून ताकीद देतो, आजपासून लोकांची पिकं खायची नाहीत. आणि लोकांना निरोप पाठवतो, शेताला कुंपण घालू नका. फक्त कडेनं पानं बांधून खूण करा. तेव्हापासून शेताला पानं बांधायची रीत पडली, असं जातक सांगतं, आणि ती खूण ओलांडणारं हरीण नाही, असंही.

मी हे वाचून पूर्ण केलं तेव्हा वर्गात कुजबुज झाली. तिसऱ्या बाकावरून एक जण म्हणाला, “सर, आम्ही साड्या बांधतो!” मग सगळेच सुरू. आमच्या आज्जीच्या जुन्या साड्या, आमच्याकडे चकाकणाऱ्या पट्ट्या, आमच्याकडे कॅसेटच्या फिती होत्या, आमच्याकडे बुजगावणं, त्याला माझा जुना गणवेश. पानांची जागा साड्यांनी घेतली, एवढाच काय तो फरक. “पण सर, साडीला हरणं दोन दिवस भितेत, तिसऱ्या दिवशी तिच्याखालून जातेत.” हेही खरं. गोष्टीतलं हरीण खूण पाळतं, आपलं पाळत नाही. कारण आपल्या हरणांना कुणी ताकीद दिलेली नाही, असं एक मुलगी म्हणाली. मला यावर उत्तर सुचलं नाही आणि मी तसं सांगितलंही.

आता शिक्षकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

फिल्म इंटरनेटवर नावानं शोधली की सापडते. टीव्ही नसेल तर लॅपटॉप, तोही नसेल तर मोबाईल आणि मुलांचे पाच-सहाचे गट. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा. काय चाललंय ते मुलांना चित्रांवरूनच सांगू द्या. निवेदनाच्या भाषेचा अडसर राहत नाही आणि मुलं बारकावे जास्त पकडतात. दुसऱ्यांदा आवाजासह. जातकाचा शेवट मात्र तुम्हीच वाचून दाखवायचा, तो फिल्मवर सोडू नका.

चर्चेत कुणीतरी सशाच्या किंवा तितराच्या शिकारीची गोष्ट सांगेल. त्या मुलाकडे वर्गाची बोटं वळू देऊ नका. त्याच ओघात कायदाही सांगून टाका: काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं हा गुन्हा. आणि दुसरी बाजूही त्याच दमात सांगा, की वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घेता येतो आणि भरपाई मागता येते. पहिली गोष्ट मुलांना आपण हमखास सांगतो, दुसरी सांगत नाही. आमच्या वर्गातल्या मुलांनी मराठीच्या तासाला अर्जलेखन म्हणून हाच अर्ज लिहिला. गट नंबर, पीक, किती गुंठे, तारीख. पाठ्यपुस्तकातला ‘रजेचा अर्ज’ लिहिताना जी मुलं जांभया देतात, त्यांनी घरी विचारून गट नंबर आणले. दोन पालकांनी तर तो कागद तसाच ठेवून घेतला.

सहल काढणार असाल तर तेरला न्या. तेर म्हणजे जुनं तगर, ग्रीक व्यापाऱ्यांच्या नोंदीत आलेलं गाव. तिथलं त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचं बौद्ध चैत्यगृह होतं, असं अभ्यासक मानतात. मागची अर्धगोल बाजू मुलांना दाखवा. भिक्खू आणि व्यापारी जिथं ये-जा करत, तिथं जातककथाही सांगितल्या गेल्या असतील, असं मला वाटतं. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओतून पहिल्यांदा आली असं काही नाही. तिथलंच लामतुरे संग्रहालयही बघून घ्या. आणि तेर गोरोबाकाकांचंही गाव, हे तर मुलंच तुम्हाला सांगतील.

दुसऱ्या तासिकेत करून बघायची कृती. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एका मिनिटाला किती? मुलांनाच काढू द्या: ७२०. तेही प्रत्येक हलणाऱ्या पात्राची. मागचं झाड, डोंगर एकदाच रंगवायचं. हरीण पारदर्शक पत्र्यावर काढून त्यावर ठेवायचं, पुढच्या चौकटीला दुसरा पत्रा. संगणक नव्हता तेव्हाचं हे काम. हा आकडा कळल्यावर मुलं फिल्म तिसऱ्यांदा बघायला मागतात आणि या वेळी फक्त पाय बघतात.

मग जुन्या वहीच्या कोपऱ्यात २४ पानांवर हरणाची उडी काढायला सांगा. बारानं भागलं तर दोन सेकंदांची फिल्म. ज्यांना चित्र जमत नाही त्यांना पोळ्याला बैल करतो तशी मातीची हरणं करू द्या. थोडी सरकवायची, मोबाईलवर फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. मोबाईल विटांवर घट्ट ठेवा, नाहीतर हरणाऐवजी सगळी शाळाच उड्या मारते.

आमच्या वर्गात सव्वीस वह्या झाल्या. बहुतेकांची हरणं गवतावरून उडी मारतात. राखणीला जाणाऱ्या त्या मुलाच्या वहीत हरीण पळत येतं, कडेला बांधलेल्या साडीपाशी थांबतं, मान वर करून बघतं. शेवटची चार पानं कोरी होती. मी विचारलं, “राहिलं का रे?” तर म्हणाला, “सर, ते काय करतंय ते मला आज रात्री बघायचंय.”